‘तारक मेहता’ आपल्या घरात चालू का असतं, आणि तरी खटकतं का?

पूर्वभागातली

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ या हिंदी विनोदी मालिकेबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एकतर गहिवरून लिहिलेलं असतं, नाहीतर वैतागून. सोलापुरात माझ्या ओळखीच्या बहुतेक घरांत मात्र गहिवर आणि वैताग एकाच टीव्हीसमोर बसलेले दिसतात. सासू खुदकन हसते, सून म्हणते ‘पुढचं सगळं पाठ आहे मला’, आणि तरी रिमोटला कुणी हात लावत नाही. हे असं का होतं, यावर मला मनापासून बोलायचं आहे. म्हणून हा धागा.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि आई विड्या वळायची. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भिजवून मऊ केलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायचं, तंबाखू घालून वळायचं, तोंड मुडपून दोऱ्याने बांधायचं. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने. मांडीवर सूप, नजर पानावर. विडी वेडीवाकडी झाली तर कारखान्यात बाजूला काढतात, म्हणजे तेवढी मेहनत फुकट. अशा बाईला टीव्ही बघायला सवड कुठून असणार? ती टीव्ही ऐकते. मान वर होते ती सगळे एकदम हसले तरच.

मला वाटतं या मालिकेच्या गुणदोषांची अर्धी उकल इथे आहे. वाक्यावाक्यामागे वाजणारे ते आवाज, काही झालं की सगळ्या सोसायटीचे चेहरे एकेक करून दाखवणं, एकाच संकटाची चार जणांच्या तोंडून चारदा उजळणी. सोफ्यावर निवांत बसून बघणाऱ्याला हे नकोसं होतं. सूप घेऊन बसलेल्या बाईची गोष्ट मात्र त्यामुळेच सुटत नाही. मध्येच पाणी आलं म्हणून नळाकडे धावावं लागलं (आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड, ते सोडून कसं चालेल?), तर ती परत येईपर्यंत मालिकेतला नायक जेठालाल त्याच संकटात अडकलेला असतो.

शिवाय एका खोलीत सासरे, दीर, वयात आलेली मुलगी, शेजारची म्हातारी असे सगळे बसलेले असताना चॅनेल बदलायची वेळ येत नाही. रात्री साडेआठला, स्वयंपाक आणि जेवणाच्या मधल्या वेळेत, ही फार मोठी सोय आहे. दुसऱ्या मालिकांमधलं विष, कट आणि थपडा लहान पोरांसमोर बघवत नाहीत.

इथवर मी बाजूने बोलले. पण मला ही मालिका आता आवडत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं. 28 जुलै 2008 ला ती सुरू झाली तेव्हा मूळ ऐवज भक्कम होता. तारक मेहता हे गुजराती लेखक ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात 1971 पासून, ही मालिका ज्यावर बेतली ते सदर लिहीत होते. माणसांचे स्वभाव आधी ठरलेले आणि भांडणं त्यातून निघालेली. भिडे मास्तरांची काटकसर, जेठालालचा धांदरटपणा, त्याच्या वडिलांचा, चंपकलालचा धाक, त्याच्या मुलाचे, टप्पूचे उपद्व्याप. बॉल लागून काच फुटली एवढ्यावर गंमत उभी राहायची, कारण प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे वागायचा. आता चार हजारांवर भाग झाले. आता बाहेरून एखादा ठग येतो, एखादी वस्तू हरवते, गैरसमज होतो, आणि तो आठवडाभर ताणला जातो. स्वभाव मागे पडले, नुसत्या लकबी उरल्या.

तुमच्या घरी कोण बघतं, कोण उठून जातं, आणि का, ते लिहा. नुसतं ‘बकवास’ किंवा ‘बेस्ट’ लिहू नका ही विनंती.

हुतात्मा_बाल्कनी

हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकं बघत मोठा झालोय, त्यामुळे मी आधी नटांकडे बघतो. आणि या मालिकेत नटांनी जे केलंय त्याची दखल न घेता तिला ‘टुकार’ म्हणणं मला पटत नाही.

जेठालाल करणारे दिलीप जोशी गुजराती रंगभूमीवरून आले. त्यांची थांबण्याची जागा बघा. वाईट बातमी कळल्यावर ते लगेच बोलत नाहीत. डोळे आधी फिरतात, मग ओठ हलतात, मग आवाज निघतो. तो एवढासा विराम नाटकाच्या तालमीतून येतो, कॅमेऱ्यापुढे कुणी शिकवत नाही. जेठालालच्या दुकानातले नट्टूकाका करणारे घनश्याम नायक हे भवाई या लोकनाट्याची परंपरा असलेल्या घरातले. पगारवाढ मागतानाचं त्यांचं ते अवघडून उभं राहणं आठवा. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले. चंपकलाल झालेले अमित भट्ट तर वयाने दिलीप जोशींपेक्षा लहान आहेत, आणि तरी ‘जेठिया’ अशी हाक मारली की मुलगा खरोखर दचकतो असं वाटतं.

मग घसरण का? दिलीप जोशींनी स्वतःच एका मुलाखतीत कारण सांगितलं आहे. साप्ताहिक मालिकांच्या दिवसांत लेखकाला वेळ असायचा, आता रोज भाग द्यायचा म्हणजे कारखान्यात काम केल्यासारखं होतं आणि दर्जा राहत नाही, असा त्याचा आशय होता. मला हे शंभर टक्के पटतं. आपल्याकडचं ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ घ्या. अल्फा मराठीवर आठवड्याला एक भाग. दिलीप प्रभावळकरांच्या स्वतःच्या लेखनावर उभी असलेली मालिका, केदार शिंदेंचं दिग्दर्शन. भाग संपताना आबा रोजनिशी लिहायचे. त्या घरातही फार काही घडायचं नाही. पण दर भागात निदान एक जागा अशी असायची की हसता हसता गळ्याशी काहीतरी यायचं. त्याआधी मुंबई दूरदर्शनवर चिमणराव आणि गुंड्याभाऊ होते, चि. वि. जोशींच्या कथांमधून आलेले. तिथेही लेखन आधी तयार होतं, मालिका नंतर आली.

रोज हसवणं अशक्य आहे असं मी म्हणत नाही. सोळा-सतरा वर्षं रोज हसवणं मात्र कोणत्याही लेखकाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

माग_चालू_हाय

कारखान्याचं निघालंच हाय तर बोलतो. मी टॉवेलच्या कारखान्यात हाय, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ऑर्डर वाढली म्हणून मागाचा वेग वाढवला की कापड निघतं, पण धागा तुटतो, गाठी पडतात, नक्षी सरकते. माल बाहेर जातो, गिऱ्हाईकही घेतं, पर हात फिरवला की कळतं. ही मालिका आता तशी झालीय. लांबून टॉवेल टॉवेलच दिसतोय.

तरी आमच्या घरी चालू असते. मी रात्रपाळीला निघायच्या आधी जेवायला बसतो तेव्हा लागलेली असते. मला ती लागते. मागाच्या आवाजात आठ तास कुणाशी बोलणं होत नाही ओ. त्याआधी घरात पोरं हसलेली कानावर पडली पाहिजेत. मालिका कशी का असेना.

सातरस्त्यावरून

आमच्या पिढीचं सांगू का बे. पूर्ण भाग कोणीच बघत नाही. यूट्यूबवर जुने तुकडे बघतो, तेही 2008 ते 2015 च्या आसपासचे. हॉस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे अभ्यास करूलालेत आणि एका लॅपटॉपवर जेठालाल चालू, हे चित्र पुण्यात शिकायला गेलेल्या प्रत्येक सोलापूरच्या पोराला माहीत आहे. व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायचं झालं तर आम्ही शब्द लिहीत नाही, जेठालालचा चेहरा पाठवतो. वैताग, लाज, भीती, खोटं हसू, सगळ्याला त्याच्याकडे चेहरा आहे.

पण खरं सांगतो, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ह्या मालिकेने मला सांभाळलंय. मार्चमध्ये शूटिंग बंद पडलं, जुने भाग लागायला लागले, आणि नवे भाग 22 जुलैला आले. त्या मधल्या काळात मी पुण्याच्या खोलीत एकटा अडकलेलो. घरी फोन केला की मागे टीव्हीचा आवाज यायचा आणि मला कळायचं कोणता भाग लागलाय. मीही तोच लावायचो. आई तिकडे हसली की मी इकडे हसायचो. त्यामुळे कोणी ‘दर्जा’ काढला की मला राग येतो. कळतं सगळं, तरी येतो.

लेकीची_आई

मी विरोधात लिहिणार आहे आणि कुणाच्या आठवणींचा अपमान करायचा माझा हेतू नाही, हे आधी सांगते.

‘कुटुंबासोबत बघता येते’ हे वाक्य वर आलंय. मला ते तपासून बघायचं आहे. कुटुंबात माझी अकरा वर्षांची मुलगीही येते. तिच्या नजरेने एकदा ही मालिका बघा.

लग्न झालेला, मुलगा असलेला जेठालाल शेजारणीला, बबिताला बघून विरघळतो, तिच्याशी बोलायची संधी शोधत फिरतो, आणि आपण हसायचं. त्याच्या बायकोला काहीच कळत नाही, तिचं भोळेपण हाही विनोद. शेजारणीचा नवरा अय्यर जळतो, त्याच्या काळ्या रंगावर बोललं जातं, तोही विनोद. ‘ए पागल औरत’ हे वाक्य इतकं चाललं की आमच्या गल्लीत लहान मुलं एकमेकांना म्हणत होती. पुढे त्यावर आक्षेप आला आणि ते बंद झालं. चांगलं झालं. पण त्या आधी कितीतरी वर्षं आपण सगळ्यांनी ते हसून घेतलंच ना?

आणि डॉक्टर हाथी. डॉक्टर आहेत, पण पडद्यावर त्यांचं डॉक्टरपण किती दिसतं आणि खाणं किती दिसतं? त्यांचा मुलगा गोली, तोही तसाच. माझी मुलगी अंगाने भरलेली आहे. शाळेत तिला काय हाक मारतात ते मी लिहीत नाही, तुम्हाला कळलं असेल. ती घरी येऊन काही बोलली नाही. फक्त साडेआठ वाजले की दुसऱ्या खोलीत जाऊन बसायला लागली. आजी-आजोबा हसत होते, त्यांच्या मनात वाकडं काहीच नव्हतं. मग मी सासऱ्यांशी बोलले. त्यांनी त्या दिवसापासून टीव्ही बंद केला आणि नातीला सोबत घेऊन फिरायला जायला लागले.

कवी कुमार आझाद हे हाथी करायचे तेव्हा त्यांनी त्या माणसात खूप माया ओतली होती, हे मी मान्य करते. 2018 मध्ये ते गेले तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण नट प्रेमळ आहे म्हणून लिहिलेला विनोद प्रेमळ होत नाही.

पोपटलालचं लग्न मोडण्याबद्दलही असंच वाटतं. आपल्या आजूबाजूला लग्न न जमलेले पस्तिशी-चाळिशीतले किती मुलगे आहेत, शेतीवाले, छोट्या पगाराचे. त्यांच्या घरात ही मालिका कशी बघत असतील?

पूर्वभागातली

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी ‘चॅनेल बदलायची वेळ येत नाही’ लिहिलं ते मोठ्यांच्या संकोचाबद्दल होतं. तुमच्या लेकीला ज्यामुळे उठून जावं लागलं तो संकोच वेगळा, आणि तो जास्त महत्त्वाचा आहे. सासऱ्यांनी जे केलं ते वाचून बरं वाटलं.

तुमच्या मुद्द्यात एक भर घालते. विड्या वळणारी, शिवणकाम करणारी, पापड लाटणारी बाई घर चालवते, हे आपल्या शहरातलं रोजचं चित्र. युनिफॉर्म शिवणाऱ्या कितीतरी बायका आमच्या गल्लीत आहेत. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची 10,000 घरं उभी राहिली ती त्यांनी संघटना करून, लढून मिळवली. आणि ह्या बायका रोज संध्याकाळी जी सोसायटी ऐकतात, तिथल्या गृहिणींमध्ये घरबसल्या कमावणारी ठळक अशी एक माधवी भिडे, लोणची-पापड करणारी. आमच्या आईला म्हणूनच माधवी आवडायची. माधवीने ऑर्डर वेळेत पूर्ण करण्यासाठी धावपळ केली की आई सूप खाली ठेवून बघायची. ते तिला खरं वाटायचं. अशा जागा मालिकेने वाढवायला हव्या होत्या. त्या वाढल्या नाहीत, ही माझी मोठी तक्रार आहे.

जुळे_सोलापूर

माझी तक्रार भिडेंबद्दल. मंदार चांदवडकर उत्तम काम करतात, प्रश्न तो नाही. आत्माराम तुकाराम भिडे : रत्नागिरीकडचा, शिकवण्या घेणारा, पै पै वाचवणारा, नियमांचं पुस्तक, ‘सखाराम’ नावाची जुनी स्कूटर. हिंदी मालिकेतला मराठी माणूस म्हटला की हाच साचा. धंदा गुजराती माणसाचा, ट्यूशन मराठी माणसाची. आमच्या नव्या पेठेत, चाटी गल्लीत येऊन बघा म्हणावं मराठी माणूस कसा धंदा करतो ते.

आणि मार्च 2020 चा प्रसंग कोण विसरेल? चंपकलालच्या तोंडी मुंबईची भाषा हिंदी असल्याचं वाक्य आलं, मनसेने आवाज उठवला आणि निर्माते असितकुमार मोदी यांना माफी मागावी लागली. मुंबईत घडणाऱ्या, गोरेगावच्या फिल्मसिटीत उभ्या असलेल्या मालिकेला हे आधी कळायला हवं होतं.

होटगीरोड_कन्नडकन्नड

जुळे सोलापूर, तुमचा राग समजतो. पण मराठी वाहिन्यांवरच्या मालिकांत तरी आपण कुठे असतो? तिथला मराठी माणूस पुण्याचा, कोकणातला किंवा फार तर कोल्हापूरचा. सोलापूरचा माणूस आला की तो विनोदी नोकर, आणि त्याची भाषा अर्धी सोलापूरची, अर्धी सातारची. मला भिडेंपेक्षा ह्याचा त्रास जास्त होतो.

आमच्या घरात कन्नड बोलतात. अव्वा शहाऐंशी वर्षांची. तिला हिंदी धड येत नाही, तरी ती ही मालिका बघते. मी एकदा तिला विचारलं, तुला काय कळतं यातलं? ती म्हणाली, सगळे एकमेकांच्या घरी न विचारता जातात ते कळतं. बाळीवेशीतल्या जुन्या वाड्यात ती राहायची तेव्हा एका चौकात लिंगायत, मराठा, पद्मशाली आणि पलीकडे एक मुसलमान शिक्षक असं बिऱ्हाड होतं. गड्ड्याच्या दिवसांत सगळ्यांची पोरं एकत्र जत्रेत जायची. वाडा पडला, तिथे इमारत झाली, अव्वा आमच्यासोबत फ्लॅटमध्ये आली. इथे समोरच्या दारावरचं आडनावसुद्धा तिला माहीत नाही. तिला मालिकेतल्या गोकुळधाम सोसायटीत तो चौक दिसतो. त्यामुळे मालिका बंद झाली पाहिजे असं मी कधीच म्हणणार नाही.

मात्र मालिकेतला तो एकोपा मला कधीकधी खोटा वाटतो. तिथे प्रत्येक प्रांताचा एक नमुना ठेवलाय, एक पंजाबी, एक तमिळ, एक बिहारकडचा, एक मराठी. प्रत्येकाने आपला प्रांत सतत सिद्ध करायचा. सोढी मित्रांसोबत ‘पार्टी-शार्टी’ म्हणणार, अय्यर चिडला की तमिळमध्ये बोलणार. अय्यर करतात ते तनुज महाशब्दे, आडनावावरूनच कळतं मराठी आहेत. नटाची यात हार नाही, उलट कौतुक आहे. पण सोलापुरातला माणूस असा राहत नाही. आमचे शेजारी तेलुगूत भांडतात, मराठीत समजूत काढतात, दुकानात हिंदी बोलतात आणि आमच्या अव्वाशी मोडकंतोडकं कन्नड. कुणी कुणाचा नमुना नाही. ही गंमत लिहायला घेतली तर वर्षानुवर्षं पुरेल एवढा विनोद आहे इथे, आणि कुणाचा रंग किंवा वजन काढायची गरज पडणार नाही.

सातरस्त्यावरून

हे लिहा की कोणीतरी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाची मिरवणूक आणि त्याच दिवशी घरात राखीवरून भांडण, एवढ्यावर आठवडा निघतोय बे.

विजापूरवेस_54

बंद करावी. सन्मानाने संपवायला हवी होती 2017 लाच. जेठालालची बायको दयाबेन गेली तिथे मालिका संपली.

हुतात्मा_बाल्कनी

यावर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण 2017 हा खरोखर वळणाचा मुद्दा आहे. त्या वर्षी दयाबेन करणाऱ्या दिशा वकानी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मालिकेत परतल्या नाहीत. त्याच वर्षी टप्पू करणारा भव्य गांधीही बाहेर पडला. 1 मार्च 2017 ला मूळ लेखक तारक मेहतांचं निधन झालं. पुढे 2022 मध्ये निवेदकाची भूमिका करणारे शैलेश लोढाही गेले.

लोकांना वाटतं दयाबेन म्हणजे गरबा, तो विचित्र आवाज आणि ‘हे माँ, माताजी’. माझ्या मते तिचं काम फार मोठं होतं. जेठालाल दिवसभर बाहेर माती खायचा. दुकानात नुकसान, वडिलांची बोलणी, सोसायटीत फजिती. घरी आला की ती त्याला आणखी एका घोळात टाकायची, बहुतेक वेळा तिच्या भावाच्या, त्या सुंदरभाईच्या नादाने, पण तिचा नवऱ्यावरचा विश्वास तसूभर कमी व्हायचा नाही. त्यामुळे आपल्याला त्याच्यावर हसताना कसनुसं व्हायचं नाही. त्याला उचलून धरणारं माणूस घरात होतं. ती गेल्यावर उरला एक वैतागलेला, सतत अपमान सोसणारा मधल्या वयाचा माणूस. त्याच फजितीवर हसणं आता जड जातं. आणि ‘लेकीची आई’ यांनी मांडलेला बबिताचा मुद्दा, तोही दया घरात नसल्यावर जास्त बोचायला लागला. आधी त्यात निदान पोरकटपणा होता.

निर्मात्यांनी ती भूमिका इतकी वर्षं रिकामी ठेवली आणि ‘दया येणार’ म्हणून प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा झुलवलं. हे मला सगळ्यात न पटलेलं. रोज न चुकता बसणाऱ्या प्रेक्षकाशी असं वागू नये.

उलट उदाहरण ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’चं. 2004 मध्ये स्टार वनवर आली, प्रेक्षकसंख्या कमी म्हणून दोनेक वर्षांत थांबली, आणि पुनःप्रसारणात तिला आधीपेक्षा जास्त माणसं मिळाली. थोडक्यात संपली म्हणून अजून ताजी आहे.

माग_चालू_हाय

साराभाई मी बघितलीय. चांगलीय. पर ती मोठ्या घरातल्या लोकांची गंमत हाय, इंग्रजी शब्दांवर हसायचं. आमच्या आईला त्यातलं काय कळणार? जेठालालचं दुकान, उधारी, बापाचा धाक, हे तिला कळतं. माणूस किती शिकलेला हाय त्यावर त्याचा विनोद चांगला का वाईट ठरवू नका, एवढंच.

हुतात्मा_बाल्कनी

मान्य. पण मग टिपऱ्यांचं घर घ्या. तिथे इंग्रजी शब्द नव्हते, मोठा बंगला नव्हता, आणि लेखन उत्तम होतं. साध्या माणसांसाठी केलेलं काम ढिलं चालतं, असं कुणी गृहीत धरलं तर मला त्याची चीड येते. तुमच्या आईला चांगलंच मिळायला हवं.

पूर्वभागातली

हे शेवटचं वाक्य मला लिहायचं होतं आणि सुचत नव्हतं. धागा काढला तेव्हा मी ‘ऐकणारी बाई’ म्हटलं. ऐकणाऱ्या बाईला उजळणी लागते, मोठा आवाज लागतो, ते ठीक. पण संवाद चांगला असेल तर तो नुसता ऐकूनही कळतो. तिला आकाशवाणीवरच्या श्रुतिका कळायच्याच की, आणि तिथे तर बघायला काहीच नव्हतं. म्हणजे तिच्या नावाखाली घिसंपिटं लिहायला कुणाला मुभा नाही.

लेकीची_आई

पूर्णपणे सहमत. मुलगी आता कधीकधी बसते आजोबांसोबत. हाथी आले की आजोबा स्वतः म्हणतात, ‘आता हे डॉक्टर पेशंट कधी बघणार?’ तेवढं पुरतं तिला.

माग_चालू_हाय

एक विचारायचं राहिलं. माझ्या सासूबाईंना फक्त तेलुगू येतं. हिंदीत चालू असली की विचारत बसतात, काय म्हणाला, काय म्हणाला. मराठीतली ‘गोकुळधामची दुनियादारी’ ‘फक्त मराठी’ नावाच्या चॅनेलवर लागायची ती माहीत हाय. तेलुगूत काही हाय का?

पूर्वभागातली

आहे. ‘तारक मामा अय्यो रामा’ नावाने तेलुगूत आलेली आहे, यूट्यूबवर शोधा. आमच्या शेजारच्या अम्मा बघतात. भाषांतर बरं आहे, चंपकलालचं रागावणं तेलुगूत जास्त खणखणीत वाटतं. पण भाग तेच आहेत, फक्त आवाज बदललेत. म्हणजे ताईंनी हाथींबद्दल आणि अय्यरबद्दल जे लिहिलंय ते तिथेही तसंच आहे. घरात लहान मुलं सोबत बसणार असतील तर तेवढं लक्षात ठेवा.